पावसाळी सूचनासेवा: कोल्हापुरात कामाची कुठली, नुसती वाजणारी कुठली

जून लागला की कोल्हापुरात मोबाईल वाजायला कारण लागत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचं रोजचं पत्रक येतं, हवामान खात्याचा पिवळा-केशरी-लाल रंग येतो, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप कोकलतं, सरकारी इशाऱ्यांच्या सचेत ॲपचा मेसेज येतो. त्यावर कडी म्हणून गल्लीच्या ग्रुपवर 2019 चा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरतो. यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. पाणी यायच्या आधी हातात किती तास मिळतात, यावरच या सेवांची परीक्षा करायची. त्या परीक्षेत रोजचं पत्रक पहिलं येतं. फक्त ते नदीबद्दल बोलतं, तुमच्या उंबऱ्याबद्दल नाही. नदीच्या आकड्यावरून उंबऱ्याचा आकडा काढणं हे आपलं काम आहे आणि बहुतेक घरांत नेमकं तेच झालेलं नसतं.

पत्रक वाचायचं कसं

पत्रकात सगळ्यात वर असते ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, फूट आणि इंचात, वेळेसह. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. त्याखालचा एक टप्पा मात्र लोक विसरतात. पातळी तिशीच्या आसपास आली की पंचगंगा पात्राबाहेर पडायला लागते. घाटावरची मंदिरं पाण्यात जातात, नदीकाठच्या मळीत पाणी शिरतं. मोटर वर काढायची, जनावरं हलवायची, नदीकाठचं गवत आणायचं ही सगळी कामं तिशीत करायची असतात, चाळिशीत नव्हे. 2019 आणि 2021 अशा दोन्ही वेळा पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. म्हणजे धोका पातळीच्या डोक्यावर आणखी एक माणूस उभा केला आणि त्याच्या डोक्यावर अजून एक, इतकं पाणी.

आकडा वाचताना पहिली चूक होते ती टिंबाची. ग्रुपवर कुणीतरी '39.11' असं टाकतं. ते 39 फूट 11 इंच असतं, म्हणजे चाळिशीला एक इंच कमी. वाचणारा ते दशांशात वाचतो आणि '39.5 पेक्षा कमीच आहे की' म्हणून निवांत बसतो. 39.5 म्हणजे जर 39 फूट 5 इंच असेल, तर 39.11 हे त्याच्यापेक्षा सहा इंचांनी जास्त आहे. मूळ पत्रकात फूट आणि इंच वेगळे लिहिलेले असतात. घोळ होतो तो नक्कल करताना. त्यामुळे आकडा पुढे पाठवायचा तर 'फूट' आणि 'इंच' हे शब्द लिहून पाठवा, सोबत तारीख आणि तास. तारीख नसलेला आकडा पुढे ढकलूच नये.

दुसरी चूक जास्त महागात पडते. लोक पातळी बघतात, पण चढण्याचा वेग बघत नाहीत. दोन नोंदी घ्या आणि वजाबाकी करा. समजा सकाळी 8 ला 36 फूट 4 इंच होतं आणि दुपारी 12 ला 37 फूट झालं. चार तासांत आठ इंच, म्हणजे तासाला दोन इंच. इशारा पातळीला अजून 24 इंच बाकी आहेत. वेग असाच राहिला तर रात्री बाराच्या सुमाराला 39 होणार. म्हणजे जेवण करून झोपायचा बेत असेल तर सामान त्याआधी माळ्यावर गेलं पाहिजे. हा हिशेब कागदाच्या चिठोऱ्यावर दोन मिनिटांत होतो. दर दोन-तीन तासांनी तो नव्याने करायचा, कारण वर पाऊस वाढला की वेग बदलतो.

आणखी एक खाच. 43 च्या वर गेल्यावर पाणी आडवं पसरतं, त्यामुळे आकडा चढण्याचा वेग मंदावतो. तासाला दोन इंचावरून अर्ध्या इंचावर आला की गल्लीत कुणीतरी म्हणतंच, 'उतरायला लागलंय रे.' उतरलेलं नसतं, ते शेताशिवारात भरत असतं. सलग तीन नोंदी खाली आल्याशिवाय उतार मानू नये. आणि उतरताना तर घाई अजिबात नको, पूर येतो त्याच्यापेक्षा जातो फार सावकाश.

आकडा कुठल्या ठिकाणचा आहे, हेही बघा. राजारामला 39 आणि 43. सांगलीत आयर्विन पुलाला 40 आणि 45. इचलकरंजीला इशारा 68 आणि धोका 71. प्रत्येक मोजपट्टीचं शून्य वेगळं, म्हणून आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. दर पावसाळ्यात इचलकरंजीचा साठीतला आकडा कोल्हापूरच्या नावावर खपतो आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात.

राधानगरीचे दरवाजे

पत्रकातली दुसरी ओळ राधानगरीची. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एका दरवाजातून 1428 क्युसेक विसर्ग होतो, सातही उघडले तर जवळपास 10,000 क्युसेक, शिवाय वीजगृहाचं पाणी वेगळं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, म्हणजे एकाच दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर. टँकर 10,000 लिटरचा धरला तर सेकंदाला चार टँकर.

'दरवाजे कुणी सोडले' म्हणून दरवर्षी भांडण होतं. हे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि दाब उतरला की आपोआप मिटतात. कुणी बटण दाबत नाही. म्हणून पत्रकात '6 नंबरचा दरवाजा उघडला' असं आलं तर त्या नंबरात काही अर्थ शोधू नका, किती उघडले एवढंच मोजा. आणि दरवाजा उघडला म्हणजे पाणी लगेच पंचगंगा घाटावर आलं, असंही नाही. राधानगरी पन्नासेक किलोमीटर लांब आहे, भोगावतीतून ते पाणी उतरायला काही तास जातात. हे तास म्हणजेच तुमची सवड.

पण नुसत्या राधानगरीवर डोळा ठेवणारा फसतो. पंचगंगा ही एकट्या भोगावतीची नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून प्रयाग चिखलीला संगम होतो. धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याही दरवाजाने अडत नाही, तो थेट नदीत. म्हणून पत्रकाच्या शेवटी जी तालुकावार पावसाची यादी असते, ती आधी वाचा. त्यात करवीरच्या आकड्याला फारशी किंमत नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा हे चार बघा. शहरात लख्ख ऊन आणि नदी चढतेय, असं अनेकदा होतं. कारण काल रात्री गगनबावड्यात धो-धो कोसळलेलं पाणी आज खाली येत असतं.

'इतके बंधारे पाण्याखाली' ही ओळ रस्त्यांची आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून गावांची ये-जा चालते. पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात, तरी पाणी माथ्यावरून वाहू लागलं की रस्ता गेला. राजाराम बंधारा बुडाला की कसबा बावड्याहून वडणगे-निगव्याकडे जाणाऱ्याने शिवाजी पुलाची वाट धरायची. पाणी आणखी वाढलं की तीही बंद होते. रेडेडोह फुटला, म्हणजे नदी त्या जागी पात्र सोडून बाहेर पडली, की रत्नागिरी रस्ता आंबेवाडीजवळ गेला. गगनबावडा रस्ता लोंघे, किरवे, मांडुकलीला तुटतो. आणि शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की पुणे-बंगळूरचा विषयच संपला, 2019 आणि 2021 दोन्ही वर्षी ते झालं. बंधाऱ्याला कठडा नसतो आणि गढूळ पाण्याखाली कड दिसत नाही. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की माणसाचे पाय सुटतात, फूटभर पाण्यात छोटी कार तरंगायला लागते. 'रोजचा रस्ता आहे' म्हणून गाडी घालणाऱ्याला त्या रस्त्याची ओळख काही वाचवत नाही.

उंबऱ्याचा आकडा

पत्रक कमी पडतं ते इथे. राजारामला 47 फूट म्हणजे शुक्रवार पेठेत तुमच्या घरात किती, हे ते सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. गायकवाड वाड्याजवळ रस्त्यावर पाणी कधी येतं, जामदार क्लबला कधी, सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात कधी हलवायची, हे तिथल्या लोकांना पाठ असतं. जुनी माणसं अजून शिवाजी पुलाकडे बघून 'मच्छिंद्री झाली का', म्हणजे पाणी पुलावरच्या जुन्या खुणेला लागलं का, असं विचारतात, ती त्यांची मोजपट्टी. प्रश्न येतो नागाळा पार्क, रमणमळा, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा भागांत, जिथे पाणी काही वर्षांनी एकदा येतं आणि मध्ये भाडेकरू बदललेले असतात.

हिशेब सोपा आहे. 2019 किंवा 2021 ची खूण शोधा. भिंतीवर पिवळट रेघ असते, नाहीतर शेजाऱ्याच्या जिन्यावर, दुकानाच्या शटरवर रंगाने मारलेली असते. खूण तुमच्या घरावर नसेल तर गवंड्याची पाण्याची लेव्हल-नळी घ्या, पारदर्शक, पंधरा-वीस मीटरची. तिच्यात पाणी भरताना आतले हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबा. बुडबुडा राहिला तर दोन टोकांत चार-चार इंचांचा फरक दाखवते आणि सगळा हिशेब चुकतो. एक टोक शेजारच्या खुणेला लावा, दुसरं तुमच्या भिंतीला, दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की पेन्सिलीने रेघ मारा. आता रेघेपासून उंबऱ्यापर्यंत मोजा.

समजा 2021 ची रेघ उंबऱ्याच्या वर चार फूट निघाली. तेव्हा राजारामला ढोबळ 56 फूट होतं. 56 वजा 4, म्हणजे राजारामला 52 झालं की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागणार. पण यातला फूट नदीच्या फुटाशी तंतोतंत जुळत नाही. नदीला उतार असतो आणि शहरातलं पाणी नाल्याच्या फुगवट्याने येतं, थेट नदीतून नाही. म्हणून तीन फूट पदराचे धरा. तुमचा निघायचा आकडा 49. पाणी तासाला दीड इंचाने चढत असेल तर 49 ते 52 यात 24 तास मिळतात. वेग दुप्पट झाला तर बारा. हा 49 आकडा मीटरच्या पेटीच्या आत मार्करने लिहून ठेवा. भाडेकरू बदलले तरी तो भिंतीवर राहतो. दोन वर्षांच्या दोन खुणा मिळाल्या तर आणखी चांगलं, दोन्हींवरून वेगवेगळा आकडा काढा आणि लहान असेल तो धरा.

जयंती नाल्याच्या काठच्या घरांना एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. पाणी रस्त्यावरून यायच्या आधी ड्रेनेजच्या चेंबरमधून वर येतं. तळमजल्यावरच्या संडासाच्या भांड्यात पाणी गुरगुरायला लागलं की समजायचं, बाहेर कोरडं दिसलं तरी वेळ झाली. भांड्यात पोत्यात भरलेली वाळू, वर फरशी आणि त्यावर वजन ठेवलं तर निदान घाण आत येत नाही. पाण्याचा दाब मात्र त्याने अडत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नये.

विजेचं काम पाणी बोर्डाला लागायच्या आधी करायचं. मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून वर ठेवा. ही बॅटरी लोक हमखास विसरतात, मेन बंद असला तरी इन्व्हर्टर घरात वीज सोडतच असतो. खांबाच्या ताण-तारेला हात लावू नये. पूर ओसरल्यावर बोर्ड उघडून वाळल्याशिवाय आणि वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करू नये. गाडी पाण्यात बुडली असेल तर स्टार्टर मारून बघायचा मोह आवरा. इंजिनात पाणी असताना पिस्टन दाबला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विमा कंपनी तो खर्च सहसा नाकारते. गाडी ढकलून न्या.

दामिनी: जुलैत नाही, मे आणि ऑक्टोबरमध्ये

दामिनी हे विजेचा इशारा देणारं ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं. आपण उभे आहोत तिथून 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात गेल्या काही मिनिटांत कुठे वीज पडली, ते नकाशावर रंगाने दाखवतं आणि धोका असेल तर इशारा देतं. ॲप चांगलं आहे. लोक ते चुकीच्या महिन्यात वापरतात, एवढंच.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या झडीत विजा फार कमी असतात. त्या असतात एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आणि नेमकं तेव्हाच शेतात माणसं असतात, सोयाबीन काढणी, भुईमूग उपटणी, भात कापणी, मळणी. म्हणजे 'पावसाळा संपला' म्हणून ज्या दिवशी ॲप काढून टाकतात, त्याच दिवसापासून त्याची गरज सुरू होते.

ते न वाजण्याची कारणं ठरलेली. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना' एवढीच दिलेली असते, ती 'कायम' करा. फोनचा बॅटरी सेव्हर ॲपला झोपवतो, सेटिंगमध्ये जाऊन दामिनीला त्यातून वगळा. शिवारात डेटा नसला तर ॲप जुनाच नकाशा दाखवत राहतं, वरची वेळ बघा. ती दहा मिनिटांपूर्वीची असेल तर तो नकाशा रद्दी.

डेटा नसताना कानच वापरायचा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तिसाच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम थांबवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पक्क्या छताचं घर किंवा दारं-काचा बंद केलेली कार, एवढ्याच जागा खऱ्या. शेतातली पत्र्याची उघडी शेड, बांधावरचं एकटं आंब्याचं झाड आणि विना-केबिन ट्रॅक्टर या जागा नाहीत. काहीच जवळ नसेल तर दोन्ही पाय जोडून उकिडवं बसा, टाचा एकमेकींना टेकवून, डोकं गुडघ्यांत. आडवं झोपू नका, जमिनीतून येणारा प्रवाह जेवढं अंग टेकलं असेल तेवढ्यातून जातो. चार जण असतील तर एकमेकांपासून लांब बसा.

रंग, सचेत आणि फोन नंबर

हवामान खात्याचे रंग सगळ्यांना माहीत, अर्थ थोड्यांना. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 म्हणजे अति मुसळधार, त्याच्यावर अत्यंत मुसळधार. रंग ठरवताना या पावसाची शक्यता आणि त्याने होणारा परिणाम दोन्ही धरतात. कोल्हापूरपुरतं इतकं लक्षात ठेवा की इशाऱ्यात 'घाट विभाग' असा शब्द आहे का ते बघायचं. हातकणंगल्यात रिमझिम आणि गगनबावड्यात दोनशे मिलिमीटर असा हा एकच जिल्हा आहे. घाट विभागाला केशरी असेल तर करूळ, भुईबावडा, आंबा किंवा फोंडा घाटातून रात्रीचा प्रवास टाळा, आणि राऊतवाडी-बर्कीच्या धबधब्यांचा बेत पुढे ढकला. तिथला ओढा वर पडलेल्या पावसाने दहा मिनिटांत चढतो, खाली थेंबही नसतो.

सचेत हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ॲप, जिल्हा निवडला की सगळे अधिकृत इशारे एका जागी. ठीक आहे, पण इशारे जिल्हाभराचे असतात, त्यामुळे वारंवार वाजतं आणि लोक आवाज बंद करतात. त्यापेक्षा थेट फोनवर येणारा सेल ब्रॉडकास्टचा इशारा जास्त कामाचा. त्याला ॲप लागत नाही, सायलेंटवर असला तरी फोन वाजतो. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे सुरू आहेत का, तेवढं बघून घ्या.

जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष 1077. मोबाईलवरून लावताना आधी 0231 लावा, नाहीतर फोन भलत्याच जिल्ह्यात जाऊ शकतो. बाकी 112, आग आणि बचावासाठी 101, रुग्णवाहिका 108, वीज 1912. फोनवर सांगायचा क्रम असा ठेवा: ठिकाण आणि जवळची खूण, माणसं किती, त्यात अंथरुणावरचं किंवा गरोदर कोण, पाणी कुठवर, बोट गल्लीत येऊ शकते का. 'लवकर या' हे शेवटी म्हटलं तरी चालतं, बोट ठिकाणावरच निघते.

साप चावला तर दोर आवळू नका, चीर देऊ नका. अंगठ्या-बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. पुरानंतर अडगळीत हात घालण्याआधी काठी घाला.

पिण्याच्या पाण्याची वेगळी तजवीज हवी. 2019 आणि 2021 ला नदीकाठचे उपसा पंप बुडाले आणि गावभर पूर असताना नळ मात्र कोरडे. आता काळम्मावाडीचं थेट पाईपलाईनचं पाणी आहे, तरी घरात साठा करायलाच हवा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी चार लिटर धरा, पाच माणसं, पाच दिवस, म्हणजे 100 लिटर, वीस लिटरचे पाच जार. टँकरचं पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवा, निवळू द्या, चौपदरी कापडातून गाळा आणि मगच क्लोरीनची गोळी टाका. अर्ध्या ग्रॅमची एक गोळी 20 लिटरला, अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात आधीच गोळी टाकली तर क्लोरीन गाळातच संपतं आणि जंतू तसेच राहतात.

आपदा मित्र: सगळ्यात कमी वापरली जाणारी सेवा

यादीत याला वरचा नंबर द्यायला हवा होता. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या या योजनेत 12 दिवसांचं निवासी प्रशिक्षण मिळतं. वय 18 ते 40, शिक्षण निदान सातवी. पोहणं, बुडणाऱ्याला काढणं, छाती दाबून श्वास परत आणणं, गाठी, शोधकार्य हे सगळं शिकवतात. किटमध्ये लाईफ जॅकेट, हेल्मेट, गमबूट, टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचार पेटी असते आणि विम्याचं संरक्षण असतं. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करायची. तुकड्या एप्रिल-मे मध्ये विचारा, जुलैत सगळे कामात असतात. शहरात व्हाईट आर्मीसारखी स्वयंसेवकांची फळीही आहे. पुण्याच्या पाचव्या बटालियनमधून एनडीआरएफची तुकडी येते तेव्हा तिला वाट दाखवायला गल्ल्या माहीत असलेला माणूस लागतो. तुमच्या तालमीतला एक जण तरी असा तयार हवा.

प्रशिक्षणाची उणीव एकच, ते विसरलं जातं. गाठ सहा महिने मारली नाही की हात चुकतो. माणसाच्या अंगाभोवती बांधायला बोलाईन गाठ हवी, ती ताणली तरी आवळत नाही. घाईत लोक सुरगाठ मारतात, ती छातीवर आवळत जाते. लाईफ जॅकेट पेटीत दाबून ठेवलं की फोम चपटा होतो. जूनच्या आधी बाहेर काढा, बकल लावून दोन्ही खांद्यांवर जोराने ओढून बघा, पट्टा सुटला तर ते जॅकेट बाद.

बुडणाऱ्याला काढायचा क्रमही ठरलेला आहे. आधी काठी पोचवा, मग दोरी फेका, मग नाव न्या, स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, तेही जॅकेट घालून. दोरी पंधरा-वीस मीटरची, टोकाला पाच लिटरचे तेलाचे दोन रिकामे, घट्ट झाकणाचे कॅन बांधले की साधारण दहा किलो वजन पाण्यावर उचलून धरलं जातं, मोठ्या माणसाचं डोकं वर राहायला ते पुरतं. कॅन बुडणाऱ्याच्या अंगावर नको, त्याच्या पलीकडे वरच्या अंगाला टाका, म्हणजे प्रवाहाने दोरी त्याच्या हाताशी येते.

पोहता येत नाही म्हणून मागे राहायचं कारण नाही. निवारा केंद्रात नोंदवही धरणारा, सोनतळीला हलवलेल्या जनावरांच्या चाऱ्याचा हिशेब ठेवणारा, फोन घेऊन वेळेसह टिपणारा माणूस बोटीइतकाच कामाचा असतो, आणि तो कधीच पुरेसा नसतो. नोंदवहीत कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं, आजारी कोण, रोजची औषधं कुठली, जनावरं किती आणि कुठे बांधलीत, एवढे पाच रकाने आखून घ्या. पुढे पंचनाम्यालाही तीच वही उपयोगी पडते. त्यासाठी घरातला चिखल काढण्याआधी भिंतीवरच्या रेघेला टेप लावून, तारीख दिसेल असे फोटो काढा. आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि वीजबिलाच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत तयार ठेवा. तलाठी किंवा पालिकेचा माणूस येतो तेव्हा घर धुऊन लख्ख असेल, तर पाणी कुठवर आलं होतं हे फोटोच सांगतात.